पणजीला जायचं, जहाजावर नाही

1976 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं कॅसिनोंना परवाने देणारा आणि त्यांच्यावर कर बसवणारा कायदा मंजूर केला. तो पुढं सत्तेचाळीस वर्षं कागदावरच पडून राहिला. एकाही सरकारनं तो अमलात आणला नाही आणि 2023 मध्ये विधिमंडळानं तो रद्दच करून टाकला. योगायोग असा की गोव्याचा जुगाराचा कायदाही 1976 चाच. तो होता जुगार बंद करण्यासाठी. पण 1992 च्या दुरुस्तीनं पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळाला वाट मिळाली आणि 1996 च्या दुरुस्तीनं जहाजांवर पत्त्यांची आणि रूलेटची टेबलं मांडायला. आज पणजीच्या मांडवी नदीत, काठावरून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर ही जहाजं नांगर टाकून उभी आहेत. रात्री त्यांच्या दिव्यांनी नदीचं पाणी लाल-निळं होतं.

आपल्या नांदेडकडच्या कंधारच्या माणसाला जुगार नवा नाही. मटक्याचा आकडा काय असतो आणि तिर्रटचा डाव कुठं बसतो हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. पोलिसांनी धाड घातली की दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पानावर चौकटही येते. पणजीत तोच प्रकार परवान्यासह, एसीत आणि जेवणासकट मिळतो. तिथं लपायचं कारण नसतं, ओळखीचं कुणी भेटण्याची भीती नसते आणि बरोबरचे चार जण ‘बघून तर येऊ’ म्हणत असतात. सोयाबीनचे पैसे हातात आल्यावर नांदेडहून क्रूझर ठरवून गोव्याला निघालेल्या मंडळींपैकी निम्म्यांच्या डोक्यात समुद्र असतो आणि उरलेल्यांच्या डोक्यात काय असतं ते घरी सांगितलेलं नसतं.

हे प्रकरण ज्यांना गोवा बघायचा आहे, जुगार खेळायचा नाही, त्यांच्यासाठी आहे. खेळू नका असं सांगण्यात फारसा अर्थ नाही, ते घरीही सांगतात. खरा प्रश्न नियोजनाचा आहे. गोव्याचा दिवस कसा घालवायचा हे सगळेच ठरवतात: देवळं, चर्च, किनारा. संध्याकाळचं कुणी ठरवत नाही. आणि जहाजांचा धंदा नेमका संध्याकाळी रंगात येतो. सहा वाजता किनाऱ्यावरून परत आलो, आंघोळी झाल्या, जेवायला वेळ आहे, करायला काही नाही, अशा वेळी नदीकाठच्या दयानंद बांदोडकर मार्गावरून नुसते फिरायला निघालात तरी हातात पत्रक घेऊन कुणीतरी आडवा येतो. म्हणून कॅसिनोच्या शहरात जायचं असेल तर आधी संध्याकाळी ठरवाव्यात, दिवस नंतर.

जायचं कसं

कंधारहून पणजी सहा-साडेसहाशे किलोमीटर पडतं. लातूर, सोलापूर करत कोल्हापूर किंवा बेळगाव गाठायचं आणि तिथून घाट उतरायचा. कोल्हापूरकडून आंबोली उतरून सावंतवाडीमार्गे, बेळगावकडून चोर्ला उतरून साखळीमार्गे. वाटेत तुळजापूर, पंढरपूर, कोल्हापूर अशी तीन दर्शनं होतात, त्यामुळे घरातली वडीलधारी मंडळी सहलीला सहसा नाही म्हणत नाहीत. रेल्वेनं जायचं तर परभणी, परळी, लातूर, पंढरपूरमार्गे कोल्हापूरकडे जाणारी गाडी धरून मिरजेला उतरायचं. या गाड्या रोज नसतात, ते आधी बघून घ्यावं. मिरजेहून निजामुद्दीन–वास्को गोवा एक्स्प्रेस बेळगाव, लोंढा, दूधसागरचा घाट करत मडगावला पोहोचवते. मडगाव–पणजी कदंब महामंडळाची शटल बस आहे. तिचं तिकीट गाडीत चढण्याआधी खिडकीवर घ्यावं लागतं आणि ती मध्ये कुठं थांबत नाही.

वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत शक्तिपीठ महामार्ग आखला आहे आणि आखणीत नांदेड, लातूर हे जिल्हे येतात. तो झाला की गोवा जवळ येईल असं सांगतात. ज्यांच्या जमिनी त्यात जाणार त्यांचं म्हणणं वेगळं आहे, आणि ते सहलीच्या प्रकरणात दोन ओळींत उरकण्यासारखं नाही.

मुक्कामाची जागा हा या नियोजनातला सगळ्यात मोठा निर्णय. जहाजांच्या धक्क्यासमोर खोली घेतली तर रोज रात्री खिडकीतून तेच दिसणार. त्यापेक्षा फोंड्याकडच्या देवस्थानांच्या अग्रशाळा बघाव्यात. मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा, नागेशी अशा देवळांच्या आवारात भक्तांना राहण्याची सोय असते, तिला तिकडं अग्रशाळा म्हणतात. स्वच्छ, साधी, आणि रात्री दहानंतर तिथून पणजीला जायला निघावंसं कुणालाच वाटत नाही. मंगेशी पणजीपासून वीस-बावीस किलोमीटर आहे, दिवसा बसनं सहज जाता येतं. शहरातच राहायचं असेल तर फोंतेन्हास आणि मळा या जुन्या वस्त्यांतली छोटी अतिथीगृहं बरी. पिवळ्या, निळ्या, शेंदरी भिंतींची, कौलारू छपरांची आणि कोरीव सज्ज्यांची ती घरं फोटोत सगळ्यांनी पाहिलेली असतात. तिथं माणसं राहतात हे लक्षात ठेवून दारात उभं राहून फोटो काढू नयेत, एवढंच.

काठावर काय आहे

जहाजं येण्याआधीही हा काठ रिकामा नव्हता. नदीकडे तोंड करून जुनं सचिवालय उभं आहे. मुळात हा विजापूरच्या आदिलशहाचा वाडा, पुढं पोर्तुगीजांनी तो व्हाइसरॉयसाठी घेतला. जुन्या गोव्यात रोगराई माजल्यावर राजधानी हळूहळू पणजीत सरकली आणि 1843 मध्ये तसा हुकूमच निघाला. वाड्याच्या शेजारी एक विलक्षण पुतळा आहे. झगा घातलेला पाद्री दोन्ही हात पसरून पुढं वाकला आहे आणि त्याच्यासमोर एक बाई मागं कलून पडते आहे. हे आबे फारिया, जन्म 1756, गाव कांदोळी. ते पॅरिसला गेले आणि तिथं संमोहनाचे प्रयोग करून गाजले. पुतळा 1945 चा, शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत. फारियांच्या काळी समजूत अशी होती की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकी शक्ती समोरच्यात शिरते. फारियांनी ते खोडून काढलं. शक्ती करणाऱ्यात नसते, ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्या स्वतःच्या मनात असते, असं त्यांचं म्हणणं होतं. जहाजांकडे नेणाऱ्या धक्क्यांपासून चार पावलांवर असा पुतळा असावा, हे कुणी ठरवून केलेलं नाही, पण दिसायला छान दिसतं.

आता संध्याकाळींकडे येऊ. पहिली संध्याकाळ सांता मोनिका धक्क्यावर. गोवा पर्यटन विकास महामंडळाची सहलीची बोट तिथून सुटते. मांडवीत तासभर फिरवते, वरच्या डेकवर देखणी, फुगडी, कोर्रिदिन्यो असे नाच होतात आणि तिकिटाच्या पैशांपलीकडे खिशाला चाट नसते. पहिल्यांदा जाणारे या बोटी आणि कॅसिनोची जहाजं यांच्यात गल्लत करतात आणि दोन्हींपासून लांब राहतात. फरक साधा आहे. सहलीची बोट चालते, कॅसिनोचं जहाज उभं असतं आणि माणसांना छोट्या होडीतून त्याच्यावर नेऊन सोडतात.

दुसरी संध्याकाळ कला अकादमीत घालवावी. कांपालला नदीकाठी चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली ही वास्तू आहे आणि तिच्यातल्या नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकरांचं नाव आहे. दीनानाथ मूळचे मंगेशीचे. गोव्यात मराठी नाटकाचं वेड महाराष्ट्रापेक्षा कमी नाही. तिथं गावोगाव देवळाच्या उत्सवात अजून हौशी मंडळी नाटक बसवतात. माळेगावच्या यात्रेत तमाशाच्या फडासाठी रात्र जागवणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. जाण्याआधी तिथल्या मराठी दैनिकात कार्यक्रमांचं पान बघावं, नाटक नाही तर गाणं असतं, गाणं नाही तर चित्रांचं प्रदर्शन. काहीच नसलं तर तिथून मिरामारपर्यंत चालत जावं. वाळूत दयानंद बांदोडकरांची समाधी आहे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, आणि गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा या मताचे. 16 जानेवारी 1967 ला गोव्यानं मतदान करून विलीनीकरण नाकारलं, आणि तरी लोकांनी पुन्हा त्यांनाच निवडून दिलं. हा इतिहास मराठी पाहुण्यानं तिथं उभं राहून आठवावा, म्हणजे ‘गोवा आपलाच की’ असं मोठ्यानं म्हणायची सवय जरा कमी होते.

तिसऱ्या संध्याकाळी बाजारात खा. कॅफे ताटो, कॅफे भोंसले अशी जुनी ठिकाणं आहेत. पातळ भाजी, सुकी भाजी, दोन्ही एकत्र केलेली मिक्स भाजी आणि बरोबर पाव. भाकरी मिळणार नाही, तिची वाट बघू नये. बायाबापड्यांना मासे चालत नसतील तर ही शाकाहारी सोय मोलाची.

दिवसांबद्दल फार लिहीत नाही, कारण जुन्या गोव्याची चर्च सगळ्या यादीत असतात. बॉम जेझूस बाझिलिका आणि सांता कातारीनाचं से कॅथेड्रल पाहून होतात, फोटो होतात आणि लोक गाडीत बसतात. तिथंच ते चुकतात. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडी बेटाला फेरीबोट जाते. नदी परिवहन खात्याची. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. सपाट लोखंडी बोट, तिच्यावर दुचाक्या, मासेवाली, शाळेची पोरं, एखादी गाय. दिवाडीवर कदंबांच्या काळात सप्तकोटेश्वराचं देऊळ होतं. पोर्तुगीजांनी ते पाडलं, भक्तांनी लिंग नदीपलीकडे नार्व्याला हलवलं आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. दिवाडीच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याला जाणारी वेगळी फेरीबोट आहे. म्हणजे पणजी, जुनं गोवं, दिवाडी, नार्वे असं सगळं दोन फेऱ्यांनी एका दिवसात जोडता येतं आणि ज्या मार्गानं तो देव नदी ओलांडून गेला त्याच बाजूनं आपण जातो. गोव्यात याहून चांगला दिवस मला सुचत नाही.

कंधारच्या माणसासाठी एक धागा आणखी. आपला किल्ला आणि जगत्तुंग सागर ज्या राष्ट्रकूटांच्या नावानं ओळखले जातात, त्यांचेच मांडलिक शिलाहार दक्षिण कोकणात राज्य करत होते आणि गोव्याचा मुलूख त्यांच्याकडे होता. 1008 च्या खारेपाटण ताम्रपटात त्या घराण्याचा मूळपुरुष सणफुल्ल याला कृष्णराजाच्या कृपेनं हा प्रदेश मिळाल्याचं नोंदलं आहे. खंदकाच्या काठावर वाढलेल्या पोरांना ही गोष्ट गाडीत सांगावी, वेळ बरा जातो.

“नुसतं बघून येऊ की, भाऊजी”

प्रत्येक सहलीत एक जण हे म्हणतोच. त्याच्याशी भांडून उपयोग नाही. त्याला आधी हे सांगावं की 1 फेब्रुवारी 2020 पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला जाण्याची बंदी आहे. युरोपातल्या मोनॅकोतही तिथल्या नागरिकांना आपल्या प्रसिद्ध कॅसिनोत खेळता येत नाही. ज्या राज्याच्या तिजोरीत या जहाजांचा पैसा जातो त्या राज्यानं आपल्या माणसांना त्यांच्यापासून लांब ठेवलं आहे. मग जहाजं कोणासाठी उभी आहेत? ती बाहेरून येणाऱ्यांसाठी, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी उभी आहेत.

नंतर त्याच्यासमोर कागद-पेन घेऊन बसावं. रूलेटच्या चाकावर 1 ते 36 आकडे आणि एक शून्य, म्हणजे सदतीस घरं असतात. एका आकड्यावर लावलेले शंभर रुपये लागले तर पस्तीसपट मिळतात, छत्तीसपट नाही. लाल-काळ्यावर लावले तरी शून्य आलं की दोन्ही बाजू हरतात. त्या एका शून्यात जहाजाचा सगळा हिशेब बसलेला आहे: दर शंभराला सरासरी दोन रुपये सत्तर पैसे. चाकावर दोन शून्यं असतील तर सव्वापाच रुपये. ऐकायला काहीच नाही, सावकाराच्या व्याजापेक्षा कमी. पण इथं एक मेख आहे. पाच हजार घेऊन बसलेला माणूस पाच हजार लावत नाही. दर फेरीला पाचशे, तासाला चाळीस फेऱ्या, तीन तास बसला तर तो एकूण साठ हजार लावून बसतो, कारण जिंकलेले पैसे तो खिशात घालत नाही, परत टेबलावर ठेवतो. दोन रुपये सत्तर पैसे साठ हजारांवर लागतात, म्हणजे सरासरी सोळाशे रुपये. आणि ही झाली सरासरी. तीन तास व्हायच्या आतच पाच हजार संपण्याची शक्यताही चांगलीच मोठी असते. अंदर-बाहरमध्येही हेच. पहिलं पान ज्या बाजूला पडतं ती बाजू जिंकण्याची शक्यता किंचित जास्त, साडेएक्कावन्न टक्के असते, म्हणून त्या बाजूला पैसे पूर्ण देत नाहीत, नव्वद टक्केच देतात. तिर्रट खेळणाऱ्याला हे झटकन समजतं. वर कर वेगळा. चिपसाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर 1 ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला.

‘आता पाच वेळा काळा आला, पुढचा लालच येणार’ हे वाक्य जगातल्या प्रत्येक टेबलावर ऐकू येतं. 18 ऑगस्ट 1913 ला मोंटे कार्लोच्या कॅसिनोत काळा लागोपाठ सव्वीस वेळा आला होता. लाल येणारच म्हणून लोक दर वेळी रक्कम वाढवत गेले आणि धुपून निघाले. चाकाला मागचं आठवत नाही. मटक्याच्या आकड्यांचे तक्ते करून ठेवणाऱ्या आपल्या गावच्या अभ्यासकांनाही हे सांगून पाहावं. ऐकत नाहीत.

तरी तो म्हणालाच की बघायचंच आहे, तर जाऊ द्यावं, मात्र अटी घालून. वय एकवीस पूर्ण असलं पाहिजे आणि ओळखपत्र लागतं. प्रवेशाचे पैसे वाराप्रमाणे बदलतात, शुक्रवार ते रविवार महाग. त्यात बहुधा जेवण, पेय, गाण्या-नाचाचा कार्यक्रम आणि काही चिप येतात. या फुकट वाटणाऱ्या चिप खेळण्यापुरत्याच असतात, त्यांची रोकड करून मिळत नाही, हे नीट विचारून घ्यावं. प्रवेशाची रक्कम म्हणजे तमाशाचं तिकीट समजून ती गेली असं धरावं. एटीएम कार्ड आणि पैसे पाठवायचा फोन काठावर राहणाऱ्याकडे द्यावा, खिशात फक्त परतीच्या रिक्षाचे पैसे. आत गेल्यावर जेवावं, कार्यक्रम बघावा, लोक कसे हरतात ते उभं राहून बघावं आणि ठरल्या वेळी होडी धरावी. अशा पाहुण्याला कुणी हाकलत नाही. लास वेगाससारख्या शहरात तर 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून मोठ्या कॅसिनो-हॉटेलांना टेबलांपेक्षा खोल्या, जेवण आणि कार्यक्रमांतून जास्त पैसा मिळतो. न खेळणारं गिऱ्हाईकही त्यांना हवंच असतं. लहान पोरं बरोबर असतील तर मात्र हा विषयच काढू नये. त्यांना खेळाच्या दालनात सोडत नाहीत आणि आईबाप आत, पोरं खोलीवर हा प्रकार वाईट.

ही जहाजं मांडवीतून हलवावीत अशी पणजीकरांची मागणी जुनी आहे. प्रत्येक निवडणुकीत ती निघते, आश्वासन मिळतं आणि नंतर सरकार मुदतवाढ देतं. पक्ष बदलले तरी यात फारसा फरक पडला नाही. एवढं महसुली दुभतं जनावर कोण सोडील?

केव्हा जावं

डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा. खोल्यांचे भाव दुप्पट-तिप्पट आणि रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नाही. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात चित्रपट महोत्सव असतो, तेव्हाही शहर भरलेलं. डिसेंबरच्या सुरुवातीला, 3 तारखेला जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं फेस्त आणि 8 ला पणजीच्या चर्चचं फेस्त, ही मात्र आपल्या यात्रेसारखीच गर्दी, आवडत असेल त्यानं जरूर जावं. होळीनंतर शिगमो येतो. ढोल-ताशे, रोमटामेळ, चित्ररथांची मिरवणूक संध्याकाळीच निघते आणि बघायला पैसा लागत नाही. शेतकरी कुटुंबासाठी मला तीच वेळ सगळ्यात बरी वाटते: हरभरा निघालेला असतो, पोरांच्या परीक्षा जवळ असल्या तरी तीन-चार दिवस काढता येतात, ऊन चढायचं असतं. शिगमोच्या मिरवणुका वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या तारखांना असतात. पणजीची तारीख आधी विचारा, त्यावरून रेल्वेचं आरक्षण करा आणि अग्रशाळेत खोली सगळ्यात शेवटी सांगा, कारण मिरजेला जाणाऱ्या गाडीचा वार तुमच्या सोयीनं बदलणार नाही, मुक्कामाचे दिवसच पुढं-मागं करावे लागतील.